परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?



ऊस विकास विभागाकडून या पानावर खोडव्याची निगा, पाचटाचे आच्छादन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय यावेत ही आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. हुमणीविषयी पुढील अंकात लिहिणार आहे. या वेळी विषय जरा निराळा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या हंगामात गट कार्यालयात लागणीच्या नोंदी तपासत बसलो असता एक जुने सभासद आले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. उसाच्या वजनाची पावती दाखवून झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. एका वर्साचा कोर्स हाय. उसाच्या बिलावर सोसायटी उचल दील का?" मी विचारले, "तात्या, परिचर्या परिषदेची मान्यता आहे का त्याला?" तात्या म्हणाले, "असंलच की. बोर्ड केवढा मोठा लावलाय."

माझ्या पोटात धस्स झाले, कारण माझ्या चुलत बहिणीच्या मुलीची हकिकत मला ठाऊक होती. घरची जर्सी गाय विकून आणि वर हातउसने घेऊन तिला तालुक्याच्या गावी असाच एक वर्षाचा कोर्स करविला. प्रमाणपत्र मिळाले, त्याला काच लावून ते भिंतीवर टांगले. सरकारी दवाखान्यात अर्ज करायची वेळ आली तेव्हा समजले की त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिका नाही. आज ती एका खासगी दवाखान्यात आहे. रुग्ण तिला सिस्टर म्हणतात. पगार मात्र मावशीचा. मुलगी हुशार, कामाला वाघ. पण पैसा आणि वर्ष दोन्ही गेले.

हे सांगितल्यावर तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टनामागं कपात तर आम्ही सालोसाल देतोय. मग कारखान्यानंच नर्सिंगचं कॉलेज का काढू नये?"

हा प्रश्न आता वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार असे दिसते. निर्णय सभेचा व संचालक मंडळाचा आहे. मी शेतकी खात्याचा माणूस, त्यात मत देण्याचा मला अधिकार नाही. पण माझी पत्नी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका असल्याने हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. त्यातच आपल्या एका सभासदाची मुलगी दिवाळीला माहेरी आली होती. लग्न होऊन ती शिकागोजवळ गेली, तिथे कायम रहिवासाचा परवाना मिळाला, आणि आता दोन मुले सांभाळून ती तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग शिकते आहे. तिच्याकडून जे ऐकले त्यावरून पुढे मिळेल ते वाचले. या प्रश्नाशी अमेरिकेतील लोक शंभर वर्षे झगडत आहेत. त्यांनी काय केले, कुठे त्यांचे साधले आणि कुठे फसले, एवढे आपल्यापुढे मांडतो.

प्रथम कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे बारावी होते तितके शिक्षण झालेल्या कोणालाही प्रवेश देणारे, दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालविणारे, आसपासच्या वस्तीसाठी असलेले हे सार्वजनिक महाविद्यालय. वसतिगृह बहुधा नसतेच. मुले घरून येतात. मुले म्हणायचे इतकेच, चाळिशीतल्या बायाही असतात आणि कारखाना बंद पडून काम गेलेले बाप्येही असतात. यातले सर्वांत जुने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील. १९०१ साली गावच्या शाळेलाच वरचे वर्ग जोडून सहा विद्यार्थ्यांवर ते सुरू झाले. आज देशभरात अशी हजाराहून अधिक महाविद्यालये आहेत.

पण परिचारिका त्या काळी इथे शिकत नसत. त्या रुग्णालयातच शिकत. १८७३ साली न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे रुग्णालयांना जोडून पहिल्या शाळा निघाल्या आणि पुढे पन्नास वर्षांत अशा शाळांचे पीकच आले. १९२६ च्या सुमारास त्यांची संख्या दोन हजारांवर होती. आता तुम्ही म्हणाल, चांगलेच झाले की. पण हिशेब बघा. रुग्णालय मुलीला राहायला जागा, जेवण आणि थोडाफार हातखर्च देई. त्या बदल्यात ती तीन वर्षे वॉर्डात राबे. दिवसपाळी, रात्रपाळी, अंथरुणे बदलणे, भांडी घासणे, रुग्णांना आंघोळी घालणे, आणि उरल्या वेळात व्याख्यान. व्याख्यानाला डॉक्टरांना सवड झाली तर. तीन वर्षे झाली की पदविका हातात देऊन तिला बाहेर काढायचे आणि नव्या मुली भरायच्या. कित्येक रुग्णालयांत पगारी परिचारिका बोटांवर मोजण्याइतक्या. सगळा गाडा विद्यार्थिनींवर चाले. शिकलेल्या परिचारिकेला मग नोकरी कुठे? तर श्रीमंतांच्या घरी जाऊन आजाऱ्याची शुश्रूषा करणे.

आपल्याकडे सालगडी ठेवतात, तो निदान साल संपल्यावर दुसरीकडे करार करू शकतो. इथे शिक्षणाच्या नावाखाली सालगडी होता. शिक्षण फुकट दिसे, पण त्याचा खर्च दोघे भरत होते: ती मुलगी आपल्या श्रमाने, आणि रुग्ण आपल्या जिवाने, कारण अर्धवट शिकलेल्या, झोप न झालेल्या पोरीच्या हाती त्याचे औषधपाणी असे. रुग्णालयाला दोष देण्याचेही कारण नाही. त्याला हात हवे होते आणि पैसा नव्हता. शिक्षणाची पिशवी आणि पगाराची पिशवी एकच असली की शिक्षणाला शेवटी उरेल तेवढेच मिळते.

सरकारी पैसा या कामात प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धात. परिचारिका लष्करात गेल्या आणि घरची रुग्णालये ओस पडली. ओहायोच्या फ्रान्सेस बोल्टन या लोकप्रतिनिधीच्या नावाने १९४३ साली कायदा झाला व कॅडेट नर्स कोअर उभे राहिले. मुलीची फी, पुस्तके, गणवेश आणि दरमहा काही रक्कम केंद्र सरकारने भरायची. तिने युद्ध संपेपर्यंत परिचर्येचे काम करायचे. प्रवेश देताना वंश किंवा वर्ण पाहायचा नाही, अशीही त्यात अट होती. सुमारे १,८०,००० मुलींनी नावे घातली आणि १९४८ पर्यंत १,२४,००० च्या आसपास शिकून बाहेर पडल्या. मुली येत नाहीत, मुलींना हे काम आवडत नाही, अशी जी ओरड आधी होती ती खर्चाची सोय होताच पुष्कळशी विरली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

युद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली गावोगावी कम्युनिटी कॉलेजे काढण्याची शिफारस केली. दुसऱ्याच वर्षी एस्थर ल्युसिल ब्राउन यांचा अहवाल आला. परिचारिकेचे शिक्षण रुग्णालयाच्या ताब्यातून काढून महाविद्यालयांकडे द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. या दोन्ही गोष्टी एकत्र जोडण्याचे काम कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील मिल्ड्रेड माँटॅग या बाईंनी केले.

माँटॅगबाईंचे म्हणणे साधे होते. मुलीला तीन वर्षे राबवायचे नसेल, नुसते शिकवायचेच असेल, तर दोन वर्षे पुरतील, आणि ते शिक्षण कम्युनिटी कॉलेजात देता येईल. रुग्णालयात ती जाईल, पण शिकायला जाईल; तिच्यावर शिक्षकाची नजर राहील आणि वॉर्डाचे काम तिच्यावाचून अडणार नाही. १९५१ साली हे पुस्तकरूपाने आले आणि १९५२ पासून सात महाविद्यालये व एक रुग्णालय यांत त्याचा प्रयोग झाला. आपण एखादे नवे वाण चार-सहा शिवारांत लावून पाहतो ना, तसाच. निकाल काय आला? दोन वर्षे शिकलेल्या मुली राज्याच्या परवाना परीक्षेला बसल्या आणि तीन वर्षे राबून शिकलेल्यांच्या बरोबरीने उतरल्या. शिवाय जुन्या शाळा लग्न झालेल्या बायकांना बहुधा घेतच नसत. इथे लेकुरवाळ्या आल्या, वयस्क आल्या, काही पुरुषही आले. पुढे १९५९ पासून केलॉग प्रतिष्ठानने चार मोठ्या राज्यांत यासाठी देणगी दिली. सुरुवातीचा धोका देणगीने पत्करला आणि पीक येते असे दिसल्यावर सरकारी पैसा मागून आला, असा हा क्रम आहे.

सरकारी पैसा नेमका येतो कसा, हा भाग सहकारातल्या माणसाला विशेष समजण्याजोगा आहे. इलिनॉयचे उदाहरण घेतो, कारण आपली मुलगी तिथेच शिकते. तिथे १९६५ च्या कायद्याप्रमाणे राज्याचे जिल्ह्यांत विभाजन आहे. हे जिल्हे महसुली नव्हेत, कॉलेजचे. आपला कारखान्याचा कार्यक्षेत्राचा नकाशा असतो तसे समजा. त्या क्षेत्रात ज्यांचे घर-जमीन आहे ते आपल्या मालमत्ता करातून कॉलेजसाठी एक वाटा भरतात. कॉलेजचा कारभार पाहायला सात जणांचे मंडळ त्याच क्षेत्रातील मतदार निवडून देतात. कर ठरल्या मर्यादेपलीकडे वाढवायचा किंवा इमारतीसाठी मोठे कर्ज काढायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो, आणि मतदार कधी कधी चक्क नाही म्हणतात. खर्चाचा एक भाग या स्थानिक करातून, एक राज्य सरकारकडून आणि एक विद्यार्थ्यांच्या फीतून भागावा, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात तिन्ही वाटे सारखे पडत नाहीत. राज्याचा वाटा आखडला की फी वाढते. कार्यक्षेत्रातल्या विद्यार्थ्याला फी कमी, बाहेरच्याला जास्त. आपली मुलगी म्हणाली, "काका, घरपट्टीच्या बिलावर कॉलेजचा आकडा वेगळा छापलेला असतो. माझे मिस्टर दरवर्षी तो दाखवून म्हणतात, एवढे भरतोय तर नीट शीक."

या स्थानिक पैशावर केंद्र सरकारचा पैसा येऊन पडतो. १९६४ च्या परिचारिका प्रशिक्षण कायद्याने शाळांच्या इमारतींना अनुदान आणि विद्यार्थिनींना कर्ज दिले. शिकून परिचर्येचे काम केले तर कर्जाचा काही भाग माफ. १९६६ साली तंत्रज्ञ वगैरे इतर रुग्णालयीन कामगारांच्या शिक्षणासाठी निराळा कायदा झाला. पण सर्वांत मोठा आधार १९७२ साली सुरू झालेल्या व १९८० पासून पेल अनुदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा. ही रक्कम गरीब विद्यार्थ्याच्या नावावर मिळते, तो ज्या मान्यताप्राप्त कॉलेजात जाईल तिथे ती त्याच्याबरोबर जाते. २०२४-२५ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. ज्या कॉलेजला मान्यता नाही तिथे ती मिळतच नाही. आमच्या भाचीच्या कोर्सला अशी चाळणी असती तर गाय गोठ्यात असती.

आता कोणी म्हणेल, रुग्णालयाला परिचारिका लागते तर रुग्णालयाने शिकवावे, लोकांनी का भरावे? याचे उत्तर आपल्या बेणे मळ्यात आहे. पाडेगाव किंवा मांजरीहून आणलेले मूलभूत बेणे एकाच शेतकऱ्याने आपल्या खर्चाने आणून, उष्णजल प्रक्रिया करून, निगराणीने वाढवावे असे म्हटले तर तो करील का? त्याचे चांगले बेणे शेजारी नेईल, त्याच्याकडून तिसरा नेईल, आणि खर्च पहिल्याच्या अंगावर. म्हणून तो खर्च कारखाना करतो, म्हणजे आपण सगळे मिळून करतो. परिचारिकेचे तसेच आहे. एका रुग्णालयाने तिला खर्च करून शिकविले आणि दुसऱ्याने दोन हजार जास्त दिले की ती जाणार, आणि तिने का जाऊ नये? मग पहिले रुग्णालय पुढच्या वेळी शिकवायचे बंद करते, नाहीतर शिकविण्याच्या नावाखाली राबवून खर्च वसूल करते. जुन्या अमेरिकन शाळांत नेमके तेच चालले होते.

न्यूयॉर्कमध्ये यावर एक मधला मार्गही निघाला. तिथल्या रुग्णालय कामगारांच्या युनियनने १९६९ साली मालकांशी करार करून शिक्षण निधी उभारला. प्रत्येक रुग्णालय आपल्या पगाराच्या रकमेवर ठराविक हिस्सा त्यात भरते. सगळेच भरतात म्हणून कोणाची माणसे कोणीकडे गेली तरी तक्रार राहत नाही. स्वयंपाकघरात किंवा सफाईला लागलेल्या बाईने नोकरी सांभाळून, या निधीच्या आधाराने शिकून परिचारिका व्हायचे, अशी त्यात सोय आहे. ही कल्पना मला फार आवडली. आपल्या दवाखान्यांतल्या मावशींपैकी कितीजणी अशा सोयीची वाट पाहत असतील!

इथवर सगळे गोड वाटेल. पण हे पीक सगळेच उतरले असे नाही.

पहिली अडचण शिक्षकांची. वर्गात साठ मुली बसवता येतात, वॉर्डात नाही. रुग्णाच्या खाटेशी शिकवताना साधारण आठ-दहा मुलींमागे एक शिक्षिका लागते. ती स्वतः अनुभवी, वरची पदवी घेतलेली परिचारिका हवी, आणि तिला रुग्णालयात जो पगार मिळतो तो कॉलेजात मिळत नाही. मग ती का येईल? शिवाय जवळपासच्या रुग्णालयांत खाटा मोजक्या आणि शिकायला येणारी कॉलेजे अनेक. २०२३ साली तिथल्या पदवी व त्यावरील नर्सिंग अभ्यासक्रमांनी पात्र असूनही नाकारलेल्या अर्जांची संख्या ६५,७६६ होती. एक मुलगी अनेक ठिकाणी अर्ज करते हे धरले तरी आकडा लहान नाही. एकीकडे परिचारिकांची टंचाई, दुसरीकडे शिकायला तयार असलेल्या मुली दाराबाहेर उभ्या. कम्युनिटी कॉलेजातही तेच. आपली मुलगी दीड वर्ष प्रतीक्षा यादीवर होती. आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम म्हणायला दोन वर्षांचा. आधी शरीरशास्त्र, रसायन वगैरे विषय पुरे करावे लागतात, त्यात वर्ष जाते. बारा महिन्यांचा ऊस म्हणून लावावा आणि तोड चौदाव्या महिन्यात मिळावी, तशातली गत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पैसा कोणत्या शिक्षणाला द्यायचा? तिथे रुग्णालयात व वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांची उतरंड आहे. सर्वांत खाली नर्सिंग असिस्टंट. वृद्धाश्रमात काम करायचे तर १९८७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे निदान ७५ तासांचे शिक्षण पुरे. त्यावर वर्षभर शिकलेली प्रॅक्टिकल नर्स. त्यावर परवानाधारक पूर्ण परिचारिका. २०१० च्या आरोग्य कायद्याखाली गरीब कुटुंबांतील लोकांना आरोग्यसेवेचे शिक्षण देण्यासाठी केंद्राने मोठे अनुदान काढले, ते २०२१ पर्यंत चालले. या योजनेची तपासणी फार चोख केली. अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला योजना दिली, दुसऱ्याला नाही, आणि वर्षानुवर्षे दोघांची मिळकत मोजली. आपण खताच्या चाचणीत एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसे. आढळले ते असे: शिक्षण मिळालेल्यांत प्रमाणपत्रे वाढली, आरोग्य क्षेत्रातली कामेही अधिक मिळाली, पण मिळकतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कारण उघड आहे. बहुतेकांनी छोटे कोर्स केले, आणि छोट्या कोर्सला छोटा पगार. उतरंडीवर वर चढायचे म्हणून आत घेतले खरे. पण वरच्या पायरीपर्यंत पोचण्याइतका वेळ आणि पैसा फार थोड्यांना मिळाला.

असे असूनही छोट्या कोर्सची ओढ तिथे सुटलेली नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ८ ते १५ आठवड्यांच्या कोर्सलाही १ जुलै २०२६ पासून पेल अनुदान देण्याचे ठरले. अट चांगली घातली आहे: निदान ७० टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पुरा केला पाहिजे आणि निदान ७० टक्क्यांना काम लागले पाहिजे. पण काम लागणे आणि पोट भरेल असे काम लागणे यांत अंतर आहे, हे वरच्या तपासणीने आधीच दाखवून ठेवले आहे.

उलट दिशेचाही ताण आहे. २०१० साली तिथल्या एका प्रतिष्ठित संस्थेच्या अहवालाने म्हटले की २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका चार वर्षांच्या पदवीधर असाव्यात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की नव्या परिचारिकेने परवान्यानंतर दहा वर्षांत पदवी पुरी करावी. मोठी रुग्णालये पदवीधरांनाच आधी घेतात. त्यामुळे एके काळी नव्या परिचारिकांपैकी निम्म्याहून अधिक ज्या कम्युनिटी कॉलेजांतून येत, त्यांचा वाटा आता निम्म्याच्या आसपास आला आहे. फ्लोरिडा, वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी यावर तोड म्हणून अशा महाविद्यालयांनाच पदवी देण्याची मुभा दिली. कॅलिफोर्नियात २०२४ साली तसा प्रयत्न राज्यपालांनी नकाराधिकार वापरून थांबविला.

आपल्या देशातही सरकारी पैसा या कामी लागतो आहे, तेव्हा त्याकडेही त्याच नजरेने पाहावे. कोविडच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्राने एक लाख लोकांना रुग्णालयीन मदतीची सहा प्रकारची कामे थोड्या महिन्यांत शिकविण्याची योजना सुरू केली; तरतूद २७६ कोटींची. तो आणीबाणीचा प्रसंग होता, घर पेटल्यावर बादली कोणाची ते पाहत नाहीत. पण त्या शिक्षणाला नर्सिंग म्हणता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, प्रत्येकी दहा कोटी रुपये. वॉर्ड जवळ असणार ही यातली मोठी जमेची बाजू. शिक्षिका कुठून येणार, हा प्रश्न मात्र इथेही उरतोच. माझी पत्नी म्हणते, "इमारत दिसते म्हणून इमारतीला पैसे मिळतात. खाटेपाशी उभी राहून शिकवणारी बाई कोणाला दिसत नाही."

आता आपल्या सभेतल्या प्रश्नाकडे येतो. मत देत नाही, पण कपातीतून नर्सिंगच्या शिक्षणाला पैसा द्यायचा झाला तर तो दोन तऱ्हांनी देता येतो: आपले कॉलेज काढून, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींची फी भरून. कॉलेज काढायचे तर मुलींना शिकायला चालते रुग्णालय आपल्यापाशी आहे का, दर दहा मुलींमागे एक शिक्षिका कायमची ठेवण्याइतका पैसा दरसाल, उताऱ्याला फटका बसलेल्या सालीसुद्धा, निघेल का, हे आधी विचारावे लागेल. इमारत एकदा बांधली की होते. पगार दर महिन्याला लागतो. फी भरायची तर ती ए.एन.एम.ला दोन वर्षे किंवा जी.एन.एम.ला तीन वर्षे पुरी भरायची की नुसता पहिला हप्ता देऊन फोटो काढायचा, हेही ठरवावे लागेल. आणि मुलगी शिकून मुंबई-पुण्याला गेली तर आपल्या कपातीचा काय उपयोग, असा प्रश्न सभेत निघणारच. तो इलिनॉयच्या मतदारांतही निघतो. कॅडेट नर्स कोअरसारखी, ठराविक काळ आपल्या भागात काम करण्याची अट घालता येते. मात्र काम देणारा दवाखाना आणि त्यात पुरा पगार, याची तजवीज आपण केली नसेल तर त्या अटीचा जुन्या सालगड्याचा करार व्हायला वेळ लागणार नाही.

तात्यांबरोबर आम्ही त्या एक वर्षाच्या कोर्सचे नाव परिचर्या परिषदेच्या यादीत शोधले. मोबाईलवर दहा मिनिटांचे काम. नाव सापडले नाही. त्यांच्या मुलीने आता मान्यताप्राप्त संस्थांत जी.एन.एम.साठी अर्ज भरला आहे, प्रवेश यादी लागायची आहे. ज्या सभासदांना मुलामुलींना या शिक्षणासाठी पाठवायचे आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे, आम्ही यादी पाहून देऊ. सभेपुढील प्रश्नाबाबत कोणाला काही विचारावयाचे असल्यास ते लेखी स्वरूपात, सभासद क्रमांक घालून, सभेपूर्वी आठ दिवस कारखान्याच्या कार्यालयात पोहोचेल असे द्यावे.

ऊस विकास अधिकारी